काल्याच्या कीर्तनाची किल्ली

बाबासो चौगुल्यांच्या नादपेटीला चालू करायचं बटण होतं, बंद करायचं नव्हतं.

हे काही चुकून राहिलेलं नव्हतं. पेटी तशी तळहातावर मावणारी, शिसवी रंगाची, वर बारीक पितळी जाळी, आत कीर्तनं भरलेली. बटण दाबलं की आधी वीणेचा झंकार यायचा, मग टाळ, मग मृदंगावर एक थाप, आणि मग बुवांचं खड्या आवाजातलं 'विठ्ठल विठ्ठल'. एकदा बुवा उभे राहिले की आरती होईपर्यंत पेटी गप्प बसायची नाही. गिऱ्हाइकानं कुरकूर केली की बाबासो विचारायचे, "देवळात बुवा उभं असताना मधनंच उठून जातोय काय आपण? मग पेटीतल्या बुवांनी काय घोडं मारलंय?"

शाहूवाडीकडच्या एका घरात मुलगी बघायला पाहुणे आलेले असताना नातवंडानं बटण दाबलं आणि नेमकं वैराग्याचं निरूपण निघालं. मुलाकडची सगळी मंडळी पोह्यांच्या बश्या मांडीवर ठेवून आरतीपर्यंत बसली. जाताना मुलगा मुलीबद्दल काहीच बोलला नाही. हे बुवा कुठल्या गावचे, एवढंच विचारत राहिला. मुलीच्या बापानं फोनवर बाबासोंना सोडलं नाही. बाबासोंना त्या मुलीचं वाईट वाटलं, पण मनातल्या मनात त्यांनी बुवांना नमस्कारही केला.

पेटीची दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप. बाबासोंची मुलगी अनुजा कॉम्प्युटर शिकलेली. ते कुलूप तिनं घडवलेलं. बाबासोंकडून घेतलेलं कीर्तन फक्त नादपेटीतच उघडायचं. फोनवर नाही, गाडीत नाही, दुसऱ्या कुणाच्या पेटीत तर नाहीच. पेटीतून आवाज दुसरीकडं न्यायला वायरीचं भोकसुद्धा ठेवलेलं नव्हतं. जेवढ्या वेळा कीर्तन लागेल तेवढा वाटा ते करणाऱ्या बुवांच्या घरी जायचा.

ह्या कुलपाच्या मागं एक जुनी जखम होती. बाबासोंचे मेहुणे तातोबा बुवा म्हणजे आजऱ्यापासून पन्हाळ्यापर्यंत ज्यांच्या कीर्तनाला माणसं बैलगाड्या जुंपून यायची असे कीर्तनकार. कॅसेटच्या जमान्यात त्यांची कीर्तनं चोरून उतरवलेली जत्रेजत्रेत हातगाडीवर विकली जायची. एकदा बुवांनी स्वतःच घासाघीस करून स्वतःचीच कॅसेट विकत घेतली आणि घरी येऊन पोट धरधरून हसले. बाबासो हसले नाहीत. बुवांच्या घराचं छप्पर तेव्हा गळत होतं.

बुवा गेले, आणि अंबूबाई, म्हणजे बुवांची बायको आणि बाबासोंची थोरली बहीण, भावाकडं कोल्हापुरात राहायला आली. सगळं घर तिला आक्का म्हणायचं. रोज दुपारी जेवण झालं की आक्का नादपेटीसमोर मांडी घालून बसायची, बुवांचं काल्याचं कीर्तन लावायची, आणि डोळे मिटून डोलायची. ते बुवांचं शेवटचं कीर्तन. दुकानात कुणी पेटीला नावं ठेवली की बाबासोंचं उत्तर तयार असायचं, "माझी आक्का रोज ऐकतीया. तिला चालतंय, म्हंजे बुवास्नी चालतंय."

त्या दिवशी शाहूपुरीतल्या दुकानात उदयसिंह आला तेव्हाही बाबासोंनी हेच सांगितलं.

उदयसिंह दोन चौक पलीकडचा. आधी मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती लावायचा. आता 'गजर' नावाची पेटी काढली होती. नादपेटीपेक्षा स्वस्त आणि आवाजाला दणकट. माणूस अंगानं दांडगा, बोलायला मोकळा. खुर्चीत बसला तशी खुर्ची कण्हली.

"काका, कुलूप काढा म्हनत न्हाय मी," तो म्हणाला. "कुलूप र्‍हाऊ दे. त्याची एक किल्ली मला द्या. तुमची कीर्तनं माझ्या पेटीत बी उघडू देत. बुवा लोकांचा वाटा हाय तसा द्यायचा, वर किल्लीचं तुम्हास्नी काय ते देतो."

"दोन किल्ल्या झाल्या की तिसरी कवा झाली ते कळत न्हाय, पावणं," बाबासो म्हणाले. उदयसिंहाला लहानपणापासून ओळखत होते, पण आज मुद्दाम पावणं.

"म्हाताऱ्या माणसांसाठी म्हनतोय ओ. माझ्या पेटीतला आवाज थेट कानातल्या यंत्रात जातोय. मधी पंखा न्हाय, रिक्षा न्हाय. लोक येत्यात, हात लावून बघत्यात, आन पहिला सवाल काय? ह्यात तातोबा बुवा लागत्यात का? मी म्हनतो, न्हाय. निम्मी तिथनंच उठत्यात."

"मग त्यास्नी हिकडं पाठवा."

"तुमच्या पेटीला यंत्र जोडाय भोक तरी ठेवलंयसा का?" उदयसिंह पुढं झुकला. "खरं सांगा काका. कीर्तन इकत घेतल्यालं माणूस तुमच्याच पेटीला बांधलं जातंय. मग तुम्ही कीर्तन इकताय का पेटी?"

हे बाबासोंच्या वर्मी लागलं. कारण रात्री देवाला हात जोडताना कधी कधी हाच प्रश्न त्यांना चाटून जायचा, आणि ते लगेच कूस बदलायचे.

"आबा, त्यांच्या पेटीतही कीर्तन किती वेळा लागलं ते कळू शकतं," टेबलामागून अनुजा म्हणाली. "वाटा बुडायचा नाही."

"तू गप्प बस. कुलूप कुणी केलं?"

"मीच केलं. म्हणून तर सांगतेय."

"आमची पोरं म्हनत होती, फोडू कुलूप," उदयसिंह म्हणाला. "मी म्हटलं, फोडायचं न्हाय. आमची आज्जी तातोबा बुवांच्या कीर्तनात पुढं बसायची. मागून घ्यायचं."

"मागून झालं. मी न्हाय म्हनून झालं. चा घ्या आन सुटा."

उदयसिंहानं चहा बशीत ओतून एका घोटात संपवला, बशी जरा जोरातच ठेवली, आणि निघून गेला. बाबासोंना वाटलं, जिंकलो. दुपारी याच आनंदात ते जेवायला घरी गेले.

घरात आक्का नेहमीच्या जागी बसली होती. डोळे मिटलेले, हात मांडीवर ताल धरतायत, मधेच मान हलते, मधेच ओठांवर हसू. पेटीतून मात्र काही येत नव्हतं. टाळ नाही, मृदंग नाही, बुवा नाहीत.

बाबासो दारातच थबकले. आधी त्यांना वाटलं, आपल्याच कानात काही झालं. मग अंगावर काटा आला. अनाहत नाद! थोरामोठ्यांच्या निरूपणात ऐकलेला, योग्यांना लागणारा, आणि तो आपल्या आक्काला लागला! त्यांनी चप्पल बाहेर काढली, टोपी सारखी केली, आणि लांबूनच साष्टांग नमस्कार घातला.

मागून अनुजा आली. जमिनीवर आडवा झालेला बाप तिनं पाहिला, पेटी पाहिली. "आबा," ती म्हणाली, "बॅटरी संपलीय."

"गप. आक्काची समाधी लागलीया."

अनुजानं पेटी उचलली. तळाचा दिवा विझलेला होता. तिनं हाक मारली, "आक्का!" मग मोठ्यानं, "आक्का!" आक्का डोलत राहिली. अनुजानं खांद्याला हात लावला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "थांब की जरा. पेंद्याची शिदोरी सोडत्यात बुवा."

चौगुल्यांच्या घरात कुजबूज हा प्रकार नव्हता. मीठ मागायचं तरी समोरच्या गल्लीला ऐकू जायचं. त्यामुळं आक्काचे कान किती गेलेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अनुजानं तिला कानातलं यंत्र आणून दिलं होतं, आणि ते लावल्यापासून आक्काला सगळं ऐकू येतं असं घरानं ठरवून टाकलं होतं.

"यंत्रानं भांडी मोठी झाली," आक्कानं सांगितलं. "पंखा मोठा झाला. तू बाब्या, तू तर मुळातच मोठा. पर तुझ्या पेटीतलं बुवा त्यात कुठं सापडत न्हाईत. म्हनून मी आपलं आठवून आठवून डोलतो." कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी आक्का स्वतःला पुरुषी थाटात 'मी डोलतो, मी बसतो' असंच म्हणायची. "पाठ हाय मला. पर आवाज आता धूसर होत चाललाय रे. ह्यांचा आवाज कसा होता, ते रोज थोडं थोडं जातंय. अजून एक वरीस गेलं तर चाल र्‍हाईल, आवाज जाईल."

"मग बोलली का न्हाईस?" बाबासो ओरडले.

"तू एवढ्या कौतिकानं पेटी केलीस. ह्यांच्या नावानं केलीस. तुला काय सांगू, ऐकाय येत न्हाय म्हनून?"

रोज गिऱ्हाइकांना बाबासो जिचं नाव सांगत होते, तिला पेटीतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

अनुजा मार्ग काढणारी होती. "आपल्या पेटीला यंत्र जोडायची सोय करायची तर पेटी सगळी नव्यानं घडवावी लागेल. वर्ष जाईल. पण मी आक्कापुरतं हे एक कीर्तन कुलूप काढून फोनवर घालते. फोन यंत्राला जोडला की झालं."

बाबासोंच्या चेहऱ्यावर लगेच रंग आला. "कर. आत्ता कर. पर दुकानात बोलू नको."

हे सगळं आक्काला ऐकवायला चौगुले पद्धतीनं बोलावं लागलं, म्हणजे गल्लीलाही कळलं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि पदर सारखा केला.

"म्हंजे जगाला कुलूप, आन मला मागल्या दारानं?"

"आक्का, तू घरची हाईस!"

"आमच्या गावच्या पाटलानं सांगावा धाडला हुता ह्यास्नी, आमच्या ओसरीवर येगळं कीर्तन करा, घरच्या माणसापुरतं. हे काय म्हटले? देवळात या, पोत्यावर बसा, सगळ्यांसंगट ऐका. तो पाटील आला, पोत्यावर बसला. आन आता मी येगळं ऐकू? तेबी काल्याचं कीर्तन?" आक्काचा आवाज चढला. "काला म्हंजे काय रे बाब्या? ज्याची जी शिदोरी असंल ती एका ठिकाणी सोडायची, कालवायची, आन सगळ्यांनी खायची. कुणाची शिळी, कुणाची ताजी, देवानं बघितलं न्हाय. तू आपला कुलूप घालून बसलाईस. माझ्यासारख्या म्हाताऱ्या किती असतील, त्यास्नी कोन भाऊ हाय कुलूपवाला? त्यास्नी ऐकाय येईल तवा मला लाव."

एवढं बोलून ती बॅटरी संपलेल्या पेटीसमोर परत डोळे मिटून बसली. पेंद्याची शिदोरी अर्धी राहिली होती.

बाबासो दोन दिवस धुमसत राहिले. पेटीच्या जाळीसमोर माइक धरून मोठा स्पीकर लावून बघितला. शेजारच्या बाळाबाईचं तान्हं नातवंड उठलं आणि बाळाबाई भांडायला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, गंध लावलं आणि अनुजाला म्हणाले, "ती किल्ली दे."

"किल्ली म्हणजे नुसते आकडे आहेत, आबा. मी इथूनच पाठवते."

"आकडं का आसंनात. द्यायची वस्तू हाताला लागली पाहिजे."

अनुजानं ते आकडे एका पेन ड्राइव्हवर घातले. बाबासोंनी तो बुक्क्याच्या डबीत ठेवला, डबी कनवटीला लावली, आणि आक्काला रिक्षात घालून तिघं उदयसिंहाच्या दुकानात गेले.

उदयसिंह उठून उभाच राहिला. "काका, हाकलायला हितवर आलासा?"

"बस," बाबासो म्हणाले. त्यांनी डबीतला पेन ड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला आणि डबी परत कनवटीला लावली. "किल्ली आणलीया. पर ऐकून घे. कुलूप र्‍हाणार. तुझ्या पेटीत वाजलं तरी बुवाचा वाटा बुवाला. आन तुझ्या पेटीला ते बंद करायचं बटण हाय, ते काढायचं."

"आवो, माझ्या पेटीवर लोक वाढदिवसाची गाणी लावत्यात!"

"गाण्याला ठेव. कीर्तनाला न्हाय."

"फोन आला तर?"

"येऊ दे."

"दूध उतू चाललं तर?"

"जाऊ दे उतू. दूध परत मिळंल."

"काका, तुमच्या कीर्तनापायी लोकांची घरं जळतील!"

दोघांचा आवाज टिपेला पोचला. चहा आला, बाबासोंनी भांडता भांडता पिऊन टाकला. दुसरा आला, तोही. तेवढ्यात अनुजानं किल्ली आणि कीर्तन गजर पेटीत घालून काम उरकून घेतलं होतं. आक्कानं काउंटरवर हात आपटला. "तुमचं चालू द्या. मला लावा."

उदयसिंहानं गजर पेटीवरचा दिवा हिरवा केला, आक्काच्या कानातलं यंत्र जोडलं आणि बटण दाबलं.

दुकानात काहीच ऐकू आलं नाही. सगळा आवाज आक्काच्या कानात गेला होता. आक्कानं डोळे मिटले. तिचे हात ताल धरायला वर आले आणि तसेच हवेत राहिले. गालावरून पाणी खाली आलं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

बाबासोंनी टोपी सारखी केली आणि खाली जमिनीवर मांडी घातली. उदयसिंहानं एकदा त्यांच्याकडं, एकदा आक्काकडं पाहिलं. आज्जीच्या हाताला धरून देवळात बसलेलं पोर त्याच्यात कुठंतरी शिल्लक होतं. तोही बसला. अनुजा बसली. दुकानात कीर्तन चालू होतं, फक्त ते एकीलाच ऐकू येत होतं, आणि कीर्तनातून उठून जायचं नसतं.

एक पोरसवदा गिऱ्हाईक आलं. "चार्जर हाय का?"

"पावणं, बसा," बाबासो दबक्या आवाजात म्हणाले. "कीर्तन चालू हाय."

"कुठं?"

"बसा म्हटलं ना."

तो बसला. आक्काकडं तोंड करून हात जोडलेली तीन माणसं बघून त्यानंही हात जोडले. काय झालंय ते विचारायचं धाडस केलं नाही. मग आणखी दोघं आली, तीही बसली.

आक्काची मान डोलत होती, आणि एकदम थांबली. कपाळाला आठी पडली. "हे असं न्हवतं," ती म्हणाली. आणि मग दणक्यात हसली. "चुकले की! चरण इसरले बुवा! आन कसं सावरून घेतलंय बघा लबाडानं, टाळकऱ्यास्नीच म्हटलं तुम्ही म्हना!"

तिच्या आठवणीतलं कीर्तन वर्षानुवर्षांत घासून स्वच्छ झालेलं होतं. हे खरं होतं. ह्यात बुवा खोकत होते, मृदंगवाल्याला दटावत होते, पाणी मागत होते. आक्का एकेक गोष्ट मोठ्यानं सांगत होती आणि दुकान ऐकत होतं. ती हसली की सगळे हसायचे, तिनं हात जोडले की सगळे जोडायचे.

मग ती ताठ झाली. डोळे उघडले.

"मी? मी झोपलो न्हवतो!" आक्का समोरच्या भिंतीवर ओरडली. "डोळं मिटून ऐकत हुतो! भरल्या देवळात मला असं इचारतासा?"

चार्जरवाला दचकून मागं सरकला. पण बाबासोंना आठवलं. काल्याच्या त्या कीर्तनात ऐन रंगात बुवांनी पुढच्या रांगेकडं बघून विचारलं होतं, 'आमची मंडळी डोलत्यात, का डुलक्या काढत्यात?' देऊळ हसलं होतं. आक्का खरंच झोपली होती. आदल्या रात्रभर सगळ्या गावाच्या प्रसादाच्या लाह्या भाजून दमली होती. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बुवांनी तिला विचारलं, आणि इतक्या वर्षांनी आज ते तिच्यापर्यंत पोचलं.

उदयसिंहाचा हात डोळ्यांकडं गेला. बाबासोंनी ते बघितलं नाही असं दाखवलं. त्यांना स्वतःची वेगळीच अडचण सुरू झाली होती. दोन कप चहा आत बोलायला लागला होता, आणि बुवा अजून यमुनेच्या काठावर गायी चारत होते. बाबासोंनी मांडी बदलली. पुन्हा बदलली. आक्काच्या तोंडाकडं बघून शिदोऱ्या सोडल्या का, कालवल्या का, अंदाज घेत राहिले. एवढं लांबलेलं कीर्तन त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

शेवटी आक्का उठून उभी राहिली आणि टाळी वाजवत म्हणाली, "विठ्ठल विठ्ठल!" सगळं दुकान उठलं. मृदंगाशिवाय, टाळांशिवाय, नुसत्या टाळ्यांवर गजर झाला, आरती झाली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

कीर्तन संपलं की एकमेकांच्या पाया पडायचं, मग समोर कुणी का असेना. बाबासो उदयसिंहाच्या पाया पडायला वाकले, त्याच क्षणी उदयसिंह त्यांच्या पाया पडायला वाकला, आणि दोघांची टाळकी अशी आपटली की चार्जरवाल्यानं डोळे मिटून घेतले. बाबासोंनी कनवटीची डबी काढली, उदयसिंहाच्या कपाळाला बुक्का लावला, आणि दुकानाच्या मागल्या बाजूला धावले.

परत आले तेव्हा चेहरा निवांत होता. धोतराला हात पुसत म्हणाले, "उदय, ते बटण र्‍हाऊ दे."

"बंद करायचं?"

"बंद करायचं न्हाय. जरा थांबवायचं. माणसाचा देह हाय, त्याचं त्याला..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "पर पुढं पळवायचं न्हाय. आरती आल्याशिवाय सुटका न्हाय, म्हंजे न्हाय."

"मान्य काका. आन तुमच्या पेटीला?"

"अनुजाला सांगतो. दोन्हीकडं सारखंच."

आक्का अजून तिथंच उभी होती, एक हात कानावर, यंत्र जपून धरल्यासारखा. "पुढं पळवायचं नको," ती म्हणाली. "मागं न्यायचं एक बटण ठेवा. ह्यांनी मला इचारलं, तिथवर. मी नीट उत्तर दिलं न्हाय."

बाबासोंनी उदयसिंहाकडं पाहिलं. उदयसिंहानं अनुजाकडं पाहिलं. मग त्यानं चार्जरवाल्या पोराला चहा सांगायला पाठवलं, आणि सगळी परत खाली बसली.